नर मासा, इतवाऱ्यातला

साठ-बासष्टच्या सुमारास अमरावतीच्या इतवारा बाजारात एक बाई घमेल्यात जिवंत मरळ घेऊन बसायची. मी बी.एस्सी.ला होतो. नर माशाच्या वृषणातली गुणसूत्रं दाखवल्याशिवाय माझ्या जर्नलवर सही होणार नव्हती, आणि मी दोनदा मादीच कापली होती. तिसऱ्यांदा मी भीत भीत तिच्याकडे नर मागितला. तिने चार मासे अंगठ्याने पोट दाबून परत टाकले आणि पाचवा माझ्यापुढे धरला.

“याच्यात काय पाह्यतं, बाबू?”

“बापाकडून पोराकडे काय येतं ते. काळीज असो की कल्ला, गुण सगळीकडे तेच असतात. कुठे एखादा उमटतो, कुठे तोच दबून राहतो.”

“तुया बाप काय करते?”

“कापसाच्या बाजारात हमाली.”

“बाप हमाल अन् पोरगं कॉलेजात. मंग मासा काहून कापतं? सोतालेच पाह्य ना.”

त्या दिवशी गुणसूत्रं स्पष्ट दिसली. जर्नलमध्ये साहित्य म्हणून मी सूक्ष्मदर्शक, रंग आणि नर मासा एवढंच लिहिलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं. सरांनी सही करून खाली शेरा दिला, ‘माशाची निवड उत्तम.’ मी नम्रपणे त्यांचे आभार मानले.