उन्हाकडची बाजू

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि अजूनही फारसा नाही. इथले अनुभव मी तीन वर्षं वाचतेय, पण कधी एक कमेंटसुद्धा टाकली नाही. वाचून झालं की मनातल्या मनात कारण शोधायचं... झोपेत शरीर आखडणं, वायरिंगमधला दोष, नाहीतर सरळ थापा. शाळा इंग्लिश मीडियमची, नंतर फिजिक्स, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळते. सांभाळून घ्या. माझ्या अनुभवात भूत नाही, रात्र नाही. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये घडलेली गोष्ट आहे. मामाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही. फक्त माझं नाव नको टाकू, लोक आधीच येडा म्हणून राह्यलेत."

येडा म्हणतात कारण मामा विमान बनवतोय. खरं, एका माणसाचं, लाकडी.

मामा वडीगोद्रीला राहतो. हायवेपासून कालव्याकडे वळलं की त्याचं घर, आणि घरामागे पूर्वी कापूस साठवायचे ती शेड. पॉलिटेक्निकमध्ये त्याने सव्वीस वर्षं वर्कशॉप शिकवलं. कॉलेजात असताना ग्लायडर उडवलं होतं, तेव्हापासूनची ही हौस. रिटायर झाल्यावर नकाशे मागवले आणि कामाला लागला. मी जालन्यात राहते. एमएस्सीची परीक्षा संपली आणि मे महिना रिकामा होता. मामीने फोन केला, "ये बाई. ह्यांना पकडाया-धराया कुणीतरी पाहिजे, मला काय ते जमत न्हाई." मला माणसांत बसून बोलण्यापेक्षा हाताला काम बरं वाटतं. गेले.

काम होतं पंखाच्या फासळ्यांचं. पंखाला वरून जो फुगीर आकार असतो, तो आतल्या फासळ्यांमुळे येतो. प्रत्येक पंखात बारा, एकूण चोवीस. फासळीची वरची पट्टी करंगळीहून बारीक, सरळ असते. पुढचं टोक एका उभ्या पाईपात उकळत्या पाण्यात ठेवायचं, मऊ झालं की पटकन काढून लाकडी साच्यात दाबून वाकवायचं, आणि वाळेपर्यंत तसंच अडकवून ठेवायचं. मग ती वाकलेली पट्टी बाकीच्या तुकड्यांना चिकटवली की फासळी तयार. लाकूड बाहेरच्या देशातून आलेलं स्प्रूस. वाकवायच्या पट्ट्या एकतीस, म्हणजे फक्त सात जास्त. आणि ज्याने हे लाकूड मिळवून दिलं त्याने सांगितलं होतं की पुन्हा मिळणार नाही.

पहिल्या आठपैकी पाच मोडल्या.

मोडलेले तुकडे मामाने खिडकीत ओळीने मांडले. मला त्याच्याकडे बघवेना.

त्या आठवड्यात मामाच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात शेत रिकामं झालं की मेंढपाळ कळप आणून बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं आणि त्यांना धान्य. कळप सोपानतात्यांचा होता. पंचाहत्तरीचे असतील. दुपारी सावलीला शेडच्या दारात येऊन बसायचे आणि आम्हाला बघत राहायचे. नववी पट्टी मी पाण्यात घालणार, तेवढ्यात म्हणाले,

"मास्तर, एवढं शिकलेले तुम्ही, अन् लाकूड कसं वाकवायचं ठावं न्हाई?"

"तुम्ही सांगा की मंग," मामा म्हणाला. जरा चिडूनच.

"झाडाला पाठ असती अन् पोट असतंय. उन्हाकडली बाजू ती पाठ. माणूस वाकला तर पाठ बाहीर राहती का न्हाई? तुम्ही उलटं वाकवून राह्यलात. मोडणारच."

"अहो तात्या, हे झाड कुठल्या देशातलं! मशीनवर कापलेलं, भट्टीत वाळवलेलं. आता कुठलं ऊन अन् कुठली पाठ?"

तात्या माझ्याकडे वळले. "माय, तू डोळे मिट. मनगटाच्या आतल्या अंगाला पट्टी फिरव. ऊन खाल्लेली बाजू ऊन लागती."

मामासमोर आणि चहा घेऊन आलेल्या मामीसमोर डोळे मिटून उभं राहायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं. मी डोळे मिटले, पट्टी मनगटावर ठेवली, फिरवली.

एक बाजू ऊन होती.

फार नाही. उन्हातून आत आलेल्या माणसाचा दंड लागावा तेवढी. बाकी तिन्ही बाजू साध्या, लाकडासारख्या. मला वाटलं, लागत असेल सगळ्यांनाच. मी नुसतं म्हणाले, "ही." मामाने ती बाजू बाहेर ठेवून पट्टी वाकवली. आवाजसुद्धा झाला नाही.

पुढची पट्टी तशीच. त्याच्या पुढचीही. तात्या हसत हसत मेंढ्यांकडे निघून गेले आणि दोन दिवसांनी कळप हलला.

मामा काही असं मान्य करणारा नाही. एका पट्टीची मी सांगितलेली बाजू त्याने मुद्दाम आत ठेवली. ती मोडली. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्यांपैकी दहा पट्ट्या घेतल्या. मी ऊन म्हणेन त्या बाजूला टोकाशी पेन्सिलचा ठिपका द्यायचा, आणि वर कागदी टेप गुंडाळायची. मग त्या पिसल्या आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. टेप काढल्यावर दहापैकी दहा बरोबर. त्याने स्वतः मनगटावर फिरवून पाहिल्या, मामीलाही लावून पाहिल्या. त्यांना काही लागलं नाही.

"स्किनचं काहीतरी असेल," मामा म्हणाला.

"असेल," मी म्हणाले. आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही. आधीच्या तीन फासळ्याही मी गुपचूप मनगटाला लावून पाहिल्या. ऊन बाजू बाहेरच होती, नशिबाने.

आता माझी चूक सांगते.

उजव्या पंखाची अकरावी फासळी. तिची पट्टी मी मनगटावर फिरवली आणि चारही बाजूंना काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवली. पुढच्या टोकापासून वीतभर अंतरावर, बोटाएवढी जागा गार होती. मे महिना, शेडमधला पत्रा तापलेला, पिण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा कोमट... आणि ती जागा माठाच्या बाहेरच्या अंगासारखी गार.

मामा त्या दिवशी खुशीत होता, शिट्टी वाजवत होता. "बोल लवकर, कोणती बाजू?"

मी एक बाजू दाखवली. उगीच, कुठलीतरी. सांगायला तोंड उघडलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

पट्टी सुंदर वाकली. सगळ्यांत सुंदर तीच, असं मामा म्हणाला.

जून लागला, मी जालन्याला परत आले. चोवीस फासळ्या पूर्ण झाल्या होत्या आणि एक पट्टी शिल्लक होती. दिवाळीनंतर मामाचा फोन आला, "पंखावर कापड चढवायचंय, शनिवारी ये." कापड चढलं की आतलं काही दिसत नाही आणि काही काढता येत नाही. शुक्रवारी मी जेवले नाही. हे विमान परवानगी आल्यावर मामा स्वतः उडवणार आहे, दुसरं कोणी नाही.

शनिवारी शेडमध्ये पोचले तेव्हा फासळ्या पंखाच्या आडव्या दांड्यांवर नुसत्या सरकवून ठेवल्या होत्या. चिकटवायचं काम संध्याकाळी होतं. मी उभ्यानेच म्हणाले,

"मामा, उजवीकडची अकरावी काढ."

"का? काय झालं तिला?"

"काही नाही. चांगली नाही ती."

"म्हणजे? गाठ दिसली? चीर?"

"नाही."

"कारण सांग नेहा. कारणाशिवाय मी विद्यार्थ्याला स्क्रूसुद्धा काढू दिला न्हाई."

"कारण नाहीये. मे महिन्यात हाताला गार लागली होती. मी तेव्हा सांगितलं नाही."

दारातून मामी म्हणाली, "सहा महिने पोटात ठेवलं पोरीनं! अहो काढा की. साडीच्या दुकानात तुम्हाला चार-चार साड्या परत ठेवायला लावते मी, तेव्हा कुठं कारण देते?"

मामा हसला नाही. पण बारावी आणि मग अकरावी फासळी सरकवून काढली. भिंग घेऊन अर्धा तास पाहिली. मग टेबलावर उलटी बांधून वाळूच्या पिशव्या टांगल्या. पंखात तिच्यावर येईल तेवढं वजन, मग त्याच्या दीडपट, मग दुप्पट. फासळीने हूं का चूं केलं नाही.

"झालं समाधान?" मामा म्हणाला. रागावून नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याने पिशव्या उतरवल्या, फासळी टेबलावर मोकळी ठेवली. आम्ही जेवायला गेलो. मी ताटाकडे बघत होते, कुणाकडेच नाही.

भाकरीचा दुसरा घास असेल. शेडमधून आवाज आला. टक्. पेन्सिल मोडावी तेवढाच.

फासळी होती तिथेच होती. वजन नाही, वारा नाही, शेडचं दार आम्हीच कडी लावून आलो होतो. वरची पट्टी पुढच्या टोकापासून वीतभर अंतरावर आरपार तुटली होती. मामाने तो भाग पातळ चकत्यांत कापून पाहिला. गाठ नाही, कीड नाही. लाकडातल्या रेषा सरळ, स्वच्छ.

दुप्पट वजन लावल्यामुळे आतून ताण आला असेल, असं मामा म्हणतो. तसं होऊ शकतं. पण जागा तीच कशी, हे त्यालाही सांगता येत नाही.

शिल्लक पट्टी एक. ती रविवारी वाकवायची ठरली.

रविवारी सकाळी तात्यांचा कळप रस्त्याने परत चालला होता. मामी त्यांना चहाला बोलवून घेऊन आली. मी आपणहून त्यांच्यापाशी गेले, हे माझ्या स्वभावात नाही, आणि सगळं सांगितलं. दहा पट्ट्या, गार जागा, सगळं. मग विचारलं, "तात्या, काठी निवडताना तुम्हाला गार लागलं की तुम्ही ती टाकूनच देता का?"

तात्यांनी बशी खाली ठेवली.

"मला कुठं लागतंय माय?"

"मग... तुम्हीच तर सांगितलं."

"पाठ-पोटाचं खरं हाये. लाकूड बघून कळतंय ते. पण मनगटाचं... ती थट्टा असती आमच्यातली. पोराला पैली काठी देताना म्हणायचं, डोळे मिट, उन्हाची बाजू सांग. पोरगं मनगट घासत बसतं अन् समदे हसतेत. माझ्या बापानं मला केल्ती, मी नातवाला केली. तुला बी तशीच केल्ती." थोडा वेळ ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "खरंच लागलं तुला?"

मी मान हलवली. त्यांनी आपली काठी माझ्या बाजूच्या हातातून दुसऱ्या हातात घेतली. चहा अर्धाच पिऊन उठले.

शेडमध्ये मामा पाणी उकळून तयार होता. मी शेवटची पट्टी उचलली, डोळे मिटले, मनगटावर फिरवली. चारही बाजू. दोनदा, तीनदा. मग भिंतीला टेकवलेली, काल काढलेली बारावी फासळी लावून पाहिली. तीसुद्धा नुसतं लाकूड.

"कोणती बाजू?" मामाने विचारलं.

या वेळी मी उगीच बाजू दाखवली नाही. "माहीत नाही मामा. आता लागत नाही. माझ्यावर विसंबू नको."

मामाने भिंग घेतलं, रेषा पाहिल्या आणि स्वतःच्या अंदाजाने पट्टी वाकवली. मोडली नाही. नवी फासळी तयार झाल्यावर त्याने तिच्यावर दुप्पट वजन लावलं आणि या वेळी लगेच न उतरवता पूर्ण आठवडा तसंच ठेवलं. टिकली. मग कापड चढलं.

आज पंख शेडमध्ये उभे आहेत, पांढरे, गुळगुळीत. परवानगीचे कागद फिरताहेत. जालन्याहून गेले की मी अजूनही मनगट लावून पाहते. काही नाही. कुणाला याचं कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मला खरंच हवंय.

चोवीसपैकी तेवीस फासळ्यांबद्दल मला खात्री आहे. या नव्या अकरावीबद्दल मला तेवढंच माहीत आहे, जेवढं मामाला.