रायफलीला वाहिलेल्या अक्षता

गेल्या खंडेनवमीला मी एका लष्करी रायफलीची पूजा केली आणि ती बंद पाडली. रायफल माझी नव्हती, सिंगापूर सरकारची होती.

मी सिंगापुरात पासिर रिसला राहणारा, बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणारा, चाळिशी उलटलेला परमनंट रेसिडेंट. इथल्या तरुण पोरांना सैन्यात जावंच लागतं. माझ्यासारख्या उशिरा उगवलेल्यांना हौस असेल तर स्वयंसेवक म्हणून दोनेक आठवडे कॅम्पात राहून प्रशिक्षण घेता येतं. मला हौस होती. ती कुठून आली तेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाला उगाच आदर वाटायला नको.

आमचा एक कंपू आहे. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, चवीपुरते बँकर. शनिवारी कुणाच्या तरी कॉन्डोतल्या स्विमिंग पूलशेजारी आम्ही जमतो आणि रायफलींवर बोलतो. या देशात खिशात एक काडतूस सापडलं तरी माणूस आत जातो, त्यामुळे रायफलीला हात लावलेला आमच्यात एकही नाही. पण मतं अशी ठाम, की ऐकणाऱ्याला वाटावं हे सगळे सरहद्दीवरून आत्ताच आंघोळीला आलेत. रायफल चिखलात पुरतात, वर बादलीभर वाळू ओततात आणि मग उडते का बघतात, असले व्हिडिओ आम्ही डोळ्यांत पाणी आणून पाहतो. घरी मिक्सरचं भांडं वाकडं बसवून मोटर जाळणारे हे लोक. त्यांचा पुढारी मी.

वाद नेहमी एकच. या सेमी-ऑटोमॅटिक रायफली एका गोळीच्या धुरावर पुढची गोळी भरतात. एका जातीत तो धूर नळीवाटे थेट मागे, जिथे सगळे नाजूक भाग हलतात तिथेच सोडतात. रायफल हलकी होते, नेम चांगला लागतो, पण काजळी आतच साठते. तिला तेल हवं, रोजची साफसफाई हवी. दुसऱ्या जातीत धूर पुढेच एका दांड्याला ढकलतो आणि तो दांडा मागचं काम करतो. वजन वाढतं, पण घाण पुढेच राहते. आणखी एक जुनी, दणकट जात आहे. तिचे भाग इतके सैल बसवलेले, की वाळू आत गेली तरी गळून पडते, आणि नेमही तिच्याबरोबर थोडा गळतो. यांतली भरवशाची कुठली, यावर आमच्यात एकदा दोघांनी वर्षभर अबोला धरला होता. दोघांपैकी एकाकडेही साधी छऱ्याची बंदूक नाही.

कॅम्पाची तारीख आली ती नेमकी दसऱ्यावर. बायको पुण्याला जाणार होती, मुलीची शाळा चालू म्हणून तिच्याजवळ मी राहणार होतो. बायकोच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि बायकोने त्यासाठी रजा जपून ठेवली होती. माझ्या कॅम्पापायी मुलीला एकटं सोडता येईना म्हणून बायकोचं जाणं रद्द झालं.

"जा तू," ती म्हणाली. "पण नापास होऊन आलास ना, तर आईला फोन तू करायचा. मी नाही. तिला सांगायचं, तुमच्या मुलीला मी कशासाठी अडकवून ठेवलं ते."

सासूबाईंना मी फार घाबरतो. त्यामुळे शेवटची नेमबाजीची परीक्षा पास होणं एवढं एकच काम माझ्यापुढे होतं.

कॅम्पातला आमचा सार्जंट जाड मानेचा आणि माझ्याच वयाचा, तरी मला 'अंकल' म्हणायचा. रोज संध्याकाळी रायफल उघडून, पुसून, काजळी खरवडून, तेलाचा पातळ हात फिरवून त्याला दाखवायची. माझ्या शेजारी एक मलेशियन चिनी अकाउंटंट बाई बसायची. ती निमूट घासायची. मी भाषण द्यायचो.

"ही दांड्याची जात आहे," मी तिला सांगितलं. "हिला एवढं घासायची गरजच नाही. ते सगळं त्या दुसऱ्या जातीला."

"मग तू घासू नको," ती म्हणाली. "बोलू पण नको."

मी खरंच घासणं कमी केलं, सार्जंटला दिसेल तेवढंच पुसू लागलो. पुढच्या टोकाला काजळी भाजून कडक होते आणि तीही काढावी लागते, हा मुद्दा आमच्या पूलशेजारी कधी निघाला नव्हता.

मग खंडेनवमी आली. आमच्या घराण्यात या दिवशी आजवर विळी, अडकित्ता आणि स्क्रू-ड्रायव्हर पुजला गेलाय. ऑफिसात मी लॅपटॉपला गंध लावतो. पण खरंखुरं शस्त्र हातात आलेला सात पिढ्यांतला पहिला मीच! साबणाच्या डबीतून मी हळद-कुंकू आणि अक्षता नेल्याच होत्या. संध्याकाळची तपासणी उरकून सगळे आडवे झाल्यावर मी रायफल उघडली. वरून लावलेलं कुंकू सार्जंटला दिसेल, म्हणून आत, गोळी पुढे ढकलणाऱ्या बोल्टवर थेट लावलं. भक्ती अंमळ जास्त झाली. वर अक्षता वाहिल्या, हात जोडले, कुणीतरी कूस बदलली तशी घाईघाईने रायफल बंद केली.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, परीक्षा. पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. मी नियमाप्रमाणे हात वर केला, आणि तिथेच थांबायचं सोडून, स्वतःच काय झालंय ते बघायला रायफल आडवी फिरवली, नळी थेट शेजारच्यांकडे. त्याबरोबर सगळी रांग थांबवली गेली. सार्जंट धावत आला, त्याने माझा खांदा दाबून धरला, रायफल रिकामी करून उघडली. कुंकू, हळद, तेल आणि काजळी मिळून आत लालसर काळा लगदा झाला होता. त्यात बोल्ट रुतला होता, आणि चापाच्या खाचेत तांदळाचा दाणा.

सार्जंटने तो लगदा बोटावर घेऊन वास घेतला. "अंकल, हे काय आहे?"

"पूजा," मी म्हटलं.

"कोणाची?"

"रायफलीची. चांगली चालावी म्हणून."

त्याने ते बोट माझ्याच बाहीला पुसलं. चिखल आणि वाळूचे एवढे व्हिडिओ मी पाहिले, पण त्यांत कुणी रायफलीला कुंकू लावताना दिसलं नव्हतं.

परीक्षा मोडल्यामुळे अकाउंटंट बाईलाही पुन्हा गोळ्या झाडाव्या लागणार होत्या. सार्जंटने मला स्वतःची रायफल दिली. त्याच जातीची, पण आरशासारखी साफ. मी आणि ती बाई शेजारी-शेजारी पालथे झोपलो. काय चालली ती रायफल! एकदाही अडली नाही. मी प्रत्येक गोळीला मनात दाद देत होतो.

नंतर कागदी लक्ष्यं काढून आणली. माझं कोरं होतं. बाईच्या लक्ष्यावर तिला दिल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त भोकं, आणि तिची कुठली हे कुणालाच सांगता येईना.

"माझा कागद खराब केला, लाह!" ती इथल्या सवयीचा 'लाह' शेवटी जोडून ओरडली. तिला तिसऱ्यांदा झोपवलं आणि ती पास झाली. मला आणखी संधी नव्हती.

घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "पास?" मी नकारार्थी मान हलवली. बूट काढता काढता तिला सगळं सांगितलं. दुसरी रायफल किती अप्रतिम होती तेही सांगितलं, कारण एवढ्या अनुभवानंतर माझं मत आता पक्कं झालं होतं. "दांड्याचीच जात भरवशाची," मी म्हटलं. "फक्त देखभाल हवी."

तिने सासूबाईंचा नंबर लावून फोन माझ्या हातात ठेवला.

"भरवशाच्या सगळ्याच असतील," ती म्हणाली. "तुझ्या हातात द्यायच्या नाहीत, एवढंच."