आधी म्हणणं, मग नाव

तुमचं आडनाव कळण्याआधी तुमचं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आहे का? नीट आठवून सांगा. मला फक्त एकच जागा आठवते. ती जागा ज्यांनी तयार केली होती, त्यांना अख्खी पिंपरी ‘नंबरबाई’ म्हणायची. कौतुकानं कमी, चेष्टेनं जास्त.

बाई संत तुकाराम नगरातल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. वर्गात त्यांना प्रत्येक मुलाचं नाव पाठ. कुणाचा बाप कुठल्या शिफ्टला आहे, कुणाच्या घरी पाहुणे आलेत म्हणून अभ्यास झालेला नाही, हेसुद्धा पाठ. पण थंडीच्या दिवसांत कामगार वसाहतीच्या सभागृहात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा भरायची आणि त्या दिवशी बाई आम्हाला पार विसरून जायच्या. पहिल्या वर्षी मी दारातच हसून "नमस्ते बाई" म्हणाले. बाईंनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नंबर काय तुझा?" मला रडूच यायचं बाकी होतं. आदल्या दिवशी याच बाईंनी मला डब्यातली अर्धी पोळी दिली होती.

स्पर्धेचे नियम बाईंनी केले होते आणि त्या ते डोळ्यांत तेल घालून पाळायच्या. दारात डालड्याचा रिकामा डबा. त्यातून चिठ्ठी उचलायची, निघेल तो नंबर टाचणीनं छातीवर लावायचा. त्या क्षणापासून तुम्ही म्हणजे तो नंबर. शाळेचा गणवेश चालणार नाही, बिल्ला चालणार नाही. भाषणात स्वतःचं नाव, शाळा, वस्ती, बापाचा हुद्दा यांतलं काहीही आलं की स्पर्धक बाद. आणि चपला-बूट पायरीखाली काढायचे. व्यासपीठावर सगळे अनवाणी.

यावरून दरवर्षी वाद व्हायचा. एका साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो बाई, आमच्या बाळाचे पांढरे मोजे मळतील ना!" बाई म्हणाल्या, "मग मोजेही काढा." चऱ्होलीहून आलेला एक पोरगा हे ऐकून खदखदून हसला. "बाई, ह्यात आमाला सराव करायची गरजच न्हाई. आमी रोजच अनवानी हाय!" बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटतं, हसू लपवायला.

टाळ्यांचं तर विचारूच नका. शेवटचा स्पर्धक बोलून होईपर्यंत कुणीही टाळी वाजवायची नाही. भाषणं संपत आणि सभागृहात नुसती शांतता. बोलणाऱ्याला वाटायचं, आपण काही भलतंच बोललो की काय. एकदा एका कंपनीच्या चाळीतले लोक आपल्या मुलीसाठी उठून टाळ्या पिटायला लागले, तेव्हा बाईंनी टेबलावरची घंटी इतकी बडवली की तिची दांडी निखळली. "टाळ्यांनाही आडनाव असतं," त्या म्हणाल्या. "ज्याचं गणगोत मोठं, त्याचा आवाज मोठा. ते इथं नको." पाठ केलेल्या भाषणाबरोबर ज्यांचे ओठ हलतात अशा आयांना त्या शेवटच्या रांगेत पाठवायच्या. माझी आईही तिथंच बसायची.

मग निकाल. परीक्षकांनी गुणांवर सही केली की बाई माइकवरून फक्त नंबर पुकारायच्या. तो नंबर छातीवर लावलेलं मूल वर यायचं आणि त्या दिवसात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगायचं: माझं नाव अमुक, माझी शाळा तमुक, माझे वडील हे काम करतात. मग टाळ्या. तेव्हा मात्र छप्पर उडालं तरी बाईंची हरकत नसायची. "आधी म्हणणं, मग नाव," हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो आणि हसायचो.

माझ्या घरी मात्र याच्या बरोबर उलटा नियम होता. माझे वडील फाउंड्रीत कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी बाराखडी शिकले ती छापखान्यातून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. बाबा सांगायचे, "पत्रकाखाली नाव हवं. नाव नसेल तर ते पत्रक नाही, भिंतीआडून मारलेला दगड आहे." आमच्याकडे कुणी मोठ्यानं काही मत मांडलं, तर शेवटी गमतीनं आपलं पूर्ण नाव म्हणायचं, अशी सवयच पडली होती. आई भाजीत मीठ कमी आहे असं म्हणायची तेव्हासुद्धा.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. नववीत मी त्या स्पर्धेत बोलले. विषय होता ‘श्रमाची प्रतिष्ठा’. बोलता बोलता मी इतकी पेटले की शेवटचं वाक्य संपलं आणि तोंडातून आपोआप माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, बाहेर पडलं. घंटी वाजली. "नंबर अकरा, बाद." वर्गात मला लेकीसारखं वागवणाऱ्या बाईंनी हे शब्द पापणी न हलवता उच्चारले. मी व्यासपीठावर तशीच उभी राहिले. नाव सांगितलं म्हणून शिक्षा! ज्या नावासाठी आमच्या माणसांनी एवढं सोसलं, ते नाव उच्चारणं हा गुन्हा?

संध्याकाळी बाबा कामाचे कपडेही न बदलता बाईंना गाठायला गेले. मी मागोमाग.

"बाई, माझी पोर नाव लपवून बोलणार नाही," बाबा म्हणाले. "निनावी बोलणं भेकडाचं काम आहे."

"भाऊ, तुमच्या पत्रकावर नाव कुठं असतं?"

"खाली. शेवटी."

"मग इथंही शेवटीच आहे. तुमच्या पोरीनं घाई केली, एवढंच." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाषण चांगलं होतं. पुढच्या वर्षी नाव जिंकून घे."

येताना रस्ताभर बाबा पुटपुटत होते, "बाई वकील व्हायला हव्या होत्या, राव."

पुढच्या वर्षी मी जीभ आवरली. भाषण माझं मीच लिहिलं होतं. बाबांनी ते ऐकून एवढंच म्हटलं होतं, "जरा कमी ओरड." मी अनवाणी वर गेले, बोलले, गप्प खाली आले. निकालाच्या वेळी बाईंनी नंबर पुकारला आणि तो माझा होता. फिरती ढाल टेबलावर ठेवली होती. प्रमुख पाहुणे म्हणून बाबांच्याच कंपनीचे मोठे साहेब बसले होते. मी माइकपाशी गेले आणि वर्षभर दाबून ठेवलेलं नाव घेतलं. पूर्ण नाव. वडील फाउंड्रीत. राहायला बौद्ध वस्तीत.

मुख्य परीक्षक पेन टोपणात घालत होते. त्यांचा हात थांबला. ते पुण्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या भाषणाला सर्वांत जास्त गुण त्यांनीच दिले होते, हे मला नंतर कळलं. ते पुढे वाकले आणि अगदी गोड आवाजात, माइकला ऐकू जाईल असं म्हणाले, "असं का? मग बाळ, भाषण लिहून कुणी दिलं तुला?"

मी याच व्यासपीठावर तीन-चार वर्षं विजेते बघितले होते. कुणालाही, कधीही हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साध्या तीन शब्दांचं उत्तर होतं, ‘माझं मीच लिहिलं’, पण मी नुसती छातीवरची टाचणी चाचपत राहिले.

संयोजकांपैकी एकजण उठून म्हणाले, "भाषण स्वतःचं असावं असा नियम आहे. चौकशी व्हायला हवी."

बाई टेबलामागून उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. "आहे ना नियम. मीच लिहिलाय. शंका असेल तर ती गुण देण्याआधी मांडायची. सर, तुम्ही सही केलीत तेव्हा शंका नव्हती. मुलीनं नाव सांगितलं आणि शंका आली. म्हणजे शंका भाषणाची नाही, नावाची आहे."

तेवढ्यात दुसरा आलेला मुलगा, ऑफिसरांच्या बंगल्यातला, मोठ्यानं म्हणाला, "माझं भाषण तर काकांनी लिहून दिलंय! मला विचारा की." तो खोडसाळपणानं बोलला नाही. त्याला खरंच वाटलं की आपणही आता उत्तर द्यायला रांगेत उभं राहायचं आहे. परीक्षक हसले. "बस बाळ, बस. तुझं ठीक आहे."

तुझं ठीक आहे! हे तीन शब्द मी आजही विसरू शकत नाही.

"सर, आता तर त्यानं स्वतः सांगितलंय," बाई म्हणाल्या. "नियमानं तो बाद होतो."

"बाई, नियम बाजूला ठेवा," पाहुणे साहेब पहिल्यांदाच बोलले. "लहान मुलं आहेत."

मी खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत बाबा होते. गेटवर सभा गाजवणारे, पत्रकाखाली ठसठशीत नाव छापणारे माझे बाबा. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांत धरून साहेबांच्या बुटांकडे बघत बसले. व्यासपीठावर बूट घातलेला तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला ते काढायला सांगायची हिंमत त्या दिवशी बाईंनाही झाली नव्हती. मागच्या रांगेत आई उभी राहिलेली दिसली, पण तिच्याही तोंडातून आवाज आला नाही. परीक्षकाच्या प्रश्नानं मला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा या गप्प बसण्यानं बसला.

ढाल ‘पुढील चौकशीपर्यंत’ संयोजकांच्या कपाटात गेली. चौकशी कधी झालीच नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या पत्रिकेवर बाईंचं नाव नव्हतं आणि नवीन नियमावलीत पहिलंच कलम होतं: स्पर्धकाने प्रारंभी आपले नाव, शाळा व पालकांचा व्यवसाय सांगावा. बाईंची बदली कुरुळी गावात झाली. शिक्षा म्हणून झाली, असं कुणी म्हणालं नाही. तसं कधीच कुणी म्हणत नाही.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांना भेटायला कुरुळीला गेले. शाळेच्या ओसरीवर स्पर्धा चालू होती. छातीवर नंबर लावलेली एक चिमुरडी तावातावानं सांगत होती, "आमच्या गावात कारखाना आला, पर पानी न्हाई आलं!" बाई घंटी घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. संपल्यावर मी पिशवीतून त्या संध्याकाळबद्दल लिहिलेलं माझं पत्रक काढून त्यांना वाचायला दिलं. त्या परीक्षकांच्या नावानिशी, जळजळीत. छापायला टाकणारच होते.

बाईंनी ते पूर्ण वाचलं. "चांगलं लिहितेस. पण त्यांचं नाव काढ."

"का? त्यांनी माझं नाव ऐकून काय केलं, ते तुम्हीच बघितलंत!"

"म्हणूनच. त्यांचं नाव छापलंस तर लोक म्हणतील, एक माणूस वाईट होता. तो माणूस घरी जाईल, खुर्ची तिथंच राहील. खुर्चीबद्दल लिही."

मी भांडले. खूप भांडले. बाईंचं सगळं मला आजही पटत नाही. नाव लपवून मिळालेले गुण हा न्याय नव्हे. माझ्या आडनावासकट मी बोलावं आणि तेवढेच गुण मिळावेत, हा न्याय. मी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर. तो दिवस आला की माझा डबा भंगारात दे." मग त्यांनी मला मुलांच्या उरलेल्या पोह्यांतला वाटा दिला आणि तिन्हीसांजेची शेवटची एसटी चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत पोचवायला आल्या. ती आमची शेवटची भेट. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्याचं मला उशिरा कळलं, तेही एका पेपर टाकणाऱ्याकडून.

म्हणून या लिखाणात त्या परीक्षकांचं नाव नाही. खाली माझंही नाव घालत नाही; आधी म्हणणं ऐका. बाबांना आवडणार नाही, पण त्यांनीही माझ्याशी त्या संध्याकाळबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. या थंडीत तुमच्या वसाहतीत, तुमच्या शाळेत अशी एखादी स्पर्धा भरेल. तुम्ही जालच, तुमचं मूल त्यात असेल. एखाद्या पोराचं नाव कळल्यावर कुणी खुर्चीतून शंका काढली, तर ते पोर तुमचं नसलं तरी उभे राहा. ‘ही शंका आत्ता का आली?’ एवढंच विचारा. साहेब बसलेले असले तरी विचारा. तो प्रश्न विचारायला त्या दिवशी भरलेल्या सभागृहात एकट्या बाई उभ्या राहिल्या होत्या. आता ती जागा रिकामी आहे.