डबा आला का?

नूतन सिस्टर मूळची कळंबची. जुन्नरच्या एका खासगी दवाखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं आणि कौतुक एकाच गोष्टीचं झालं: बाई कधी कुरकुर करत नाही. नवी असताना राउंडमध्ये तिने एकदा शंका विचारली होती. डॉक्टर पेशंटसमोरच म्हणाले, ‘मग औषधं तुम्हीच लिहा.’ तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. काही अडलं तर आपणच गुपचूप निस्तरायचं. असल्या गप्प बसण्याला आपल्याकडे शहाणपण म्हणतात, याचा खरं तर संताप यायला हवा.

दवाखान्याला स्वयंपाकघर नव्हतं. पेशंटचं जेवण त्यांच्या गावाहून एसटीने यायचं आणि डिंभ्याच्या एसटीचा कसला आलाय नेम! म्हणून सिस्टरांची रीतच पडली होती, ‘डबा आला का?’ विचारायचं आणि आला असला की इन्सुलिन टोचायचं; टोचल्यावर पोटात अन्न गेलं नाही तर साखर एकदम उतरून जिवावर बेततं.

डिंभ्याच्या अंबाबाई पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या, साखर वाढलेली. श्रावणातल्या संकष्टीला त्यांनी दुपारी अन्नाला हात लावला नाही. चंद्र दिसल्यावरच घास घेणार, बाकी ओझरचा गणपती बघून घेईल, म्हणाल्या. नूतनने समजावून पाहिलं, मग दुपारचं इंजेक्शन परस्पर टाळलं. डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं तर म्हातारीला बोलणी बसली असती आणि नूतनलाही. संध्याकाळी ड्युटी बदलताना तिची गाडी सुटायला आली होती. ‘सगळं ठीक आहे,’ एवढंच नव्या हर्षाली सिस्टरला सांगून ती निघाली.

हर्षालीने रीतीप्रमाणे अंबाबाईंच्या मुलाला, हौशीरामला विचारलं. डबा आला होता. तिने इंजेक्शन दिलं. आभाळ गच्च भरलेलं, चंद्र काही दिसेना. म्हातारी डबा उशाशी ठेवून वाट बघत राहिली. तिला घाम फुटला, मग डोळा लागला. उपासाने थकली असेल, असं मुलाला वाटलं. हर्षालीच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. अंबाबाई गेल्या.

सकाळी सगळं खापर हर्षालीवर फुटलं. नूतन गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. पण त्या पोरीचं रडणं तिला बघवेना.

‘उपास मला माहीत होता. मी सांगितलं नाही,’ ती सगळ्यांसमोर म्हणाली.

हौशीराम भरलेला डबा घेऊन दारात उभा होता. तो चिडला नाही, तेच तिला जास्त लागलं.

‘बाई, डबा आला का, येवढंच इचारलं,’ तो म्हणाला. ‘आई जेवली का, ते कुणी इचारलंच न्हाई. मी सांगितलं आसतं की.’