अजानेला मध्यंतर

ज्या संध्याकाळी रत्नागिरीत आमच्या नाटकाचा पडदा उघडणार होता, त्याच संध्याकाळी मी मुंबईच्या विमानतळावर सौदीतल्या दम्मामच्या विमानाच्या रांगेत उभा होतो. माझी भूमिका बंड्याला गेली होती. बंड्याला! तालमीतला चहा कधी विसरायचा नाही, वाक्यं मात्र हमखास. बाबा निरोप देताना म्हणाले, "पुरे झाली नाटकं. आता पोटापाण्याचं बघ." मी मान डोलावली, पण आतून नुसता जळत होतो. नोकरीची चिंता नव्हती हो. स्टेजवर पुन्हा उभं राहायला मिळेल का, हीच धास्ती होती.

रत्नागिरीकर मंडळींनो, तुम्हाला वाटतं इथे नुसती वाळू आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना. अहो, दम्मामच्या मराठी नाटकालाही इतिहास आहे! मी आलो तेव्हा थिएटर कुठलं? कंपनीच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये चादरींचे पडदे बांधून आम्ही नाटक करायचो. पहिल्या प्रयोगात माझ्या नाटकातल्या बापाचं काम दापोलीच्या सलीमभाईंकडे होतं. ते इथे हार्डवेअरच्या दुकानात कामाला. बाप मेला, मी हंबरडा फोडला, बायकांनी डोळ्यांना ओढण्या लावल्या, आणि तेवढ्यात बाहेर अजान झाली. पडल्या पडल्या सलीमभाईंचा डोळा लागला होता. ते सवयीने उठले, लुंगी सावरली आणि सगळ्यांदेखत नमाजाला चालू लागले. लोक हसून हसून बेजार!

मी भयंकर चिडलो. परत आल्यावर तेच मला म्हणाले, "अरे, तापतोस काय? अजानेच्या आधी मार ना मला. नमाज पढून येतो, मग रड हवं तेवढं."

तेव्हापासून आमचं मध्यंतर लेखकाने लिहिलंय तिथे होत नाही, अजान होते तिथे होतं. आधी नमाजाची वेळ बघायची, मग अंक बसवायचे. नाशिकची इंजिनिअर मंडळी सुरुवातीला कुरकुरली. आता तीच तालमीत घड्याळ धरून बसतात.

हल्ली भाड्याने छान सभागृह मिळतं, खराखुरा पडदा, दिवे, सगळं. पोरं आपसांत इंग्रजीत भांडतात आणि मराठीत संवाद म्हणतात. कुणी रेंगाळलं की सलीमभाई ओरडतात, "यल्ला, चला रे!" मजेत चाललंय आमचं.

मागच्या महिन्यात बंड्याचा फोन आला. तिकडे आता तोच नाटक बसवतो. म्हणाला, "तुझं ते नाटक पुन्हा काढतोय. रजा टाक आणि ये. या वेळी तूच उभा राहायचंस."

किती वर्षं वाट बघितली होती मी या फोनची! लगेच विचारलं, "कधी आहे?" त्याने दिवस सांगितला आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "छे रे, जमायचं नाही. त्या दिवशी आमचं नाटक आहे."

मग बंड्या हसला. "म्हणजे दम्मामला पोचलास तू एकदाचा."

"हो रे," मी म्हटलं, "सुखरूप पोचलो."