फाइलमधले तांदूळ

आज कचेरीत सुमनची फाइल उघडली आणि तांदळाचे चार दाणे टेबलावर पडले.

मी परिविक्षा अधिकारी. कोर्टाने तुरुंगात न धाडता घरी राहू दिलेल्या माणसांवर देखरेख ठेवते. सुमन ज्या घरी स्वयंपाक करायची, तिथली सोनसाखळी तिने चोरली होती. दोन वर्षं मी दर महिन्याला तिच्याकडे जात होते. वस्तीत बोभाटा नको म्हणून पिशवीत खाली फाइल आणि वर मेथीची जुडी. शेजारणी मला तिची थोरली बहीण समजत. सख्ख्या बहिणींनी तिचं तोंड बघणं सोडलं होतं, त्यामुळे तीही कुणाचा गैरसमज दूर करत नसे.

काल शेवटची भेट होती. निघताना तिने नारळ-तांदूळ पुढे केले. आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही. मी हळूच म्हटलं, "सुमन, हे नको गं."

शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. सुमन कुजबुजली, "बहिणीला रिकाम्या ओटीने कशी पाठवू, ताई?"

मी पदर पुढे केला. मग सगळं पिशवीत ओतलं.

"पुढच्या महिन्यात या हो," काकू म्हणाल्या. "आठवडाभर आधीपासून वाट बघते ती तुमची."

माणूस सावरला की त्याच्या घरी जाणं थांबवायचं, असं हे माझं काम. एरवी त्याचा आनंद होतो.

दाणे वेचले, पण टाकवेनात. ते मुठीत धरूनच मी अहवालाची शेवटची ओळ लिहिली : वर्तन समाधानकारक. यापुढे भेटीची आवश्यकता नाही.