कोंडवाड्याच्या बुकात सापडलेला जन्म

माझी मुलगी मोंबासात जन्मली. रेल्वेच्या दवाखान्यात, गोऱ्या नर्सच्या हातावर. तिच्या जन्माच्या कागदावर दोन शिक्के आणि डॉक्टरची सही होती. कागद नव्हता तो माझ्या जन्माचा, आणि त्यावरून हे सगळं झालं.

मी मराठी तिसरी शिकलेला. दौंडच्या इंजन शेडात कोळसा ओढायला लागलो, तिथंच बॉयलरचं काम शिकलो आणि इंग्रज असतानाच एका कंत्राटदाराबरोबर आफ्रिकेला गेलो. तवाच्या पासपोर्टात जन्मगावाच्या जागी कंत्राटदाराच्या कारकुनानं नुसतं 'पुणे' लिहून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. पुढं लग्न करून बायकोला नेलं, तिचंही तसंच उरकलं. पासपोर्ट जुनेच, शिक्के मारून मारून वाढवलेले.

मुलगी सहा वर्षांची झाली तवा आम्ही सहा महिन्यांच्या रजेवर गावी आलो. तिला येण्यापुरता एका फेरीचा कागद मिळाला होता. परत न्यायचं तर तिचा स्वतःचा पासपोर्ट पाहिजे. मुंबईच्या हापिसात साहेबानं विचारलं, ही परमुलखात जन्मली, मग हिंदी, म्हंजे हिंदुस्थानची, कशी? तर बाप हिंदी म्हणून. बाप हिंदी कशावरून? बापाच्या जन्माचा सरकारी पुरावा आणा. रजा संपायला दीड महिना राहिला होता. कागद आला नाही तर मुलगी मागं ठेवायची, नाहीतर नोकरी सोडायची.

माझा चुलतभाऊ म्हणाला, पोरीच्या जातीला पासपोर्ट कशाला, ठेव इथंच, चार वर्षांनी लग्न लावून टाकू. त्याच्या घरचं पाणी मी त्या दिवसापासून प्यालो नाही. अजून पीत नाही.

आमचं घर यवतच्या पलीकडं. पण घर म्हंजे पावसाळ्यापुरतं. माझा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून माणसं बाहेर पडायची. मेंढरं आणि बिऱ्हाड जिथं उतरेल त्या तळाला आमच्यात वाडा म्हणतात. शेतकरी आपल्या रानात चार-पाच रात्री वाडा बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत व्हायचं, बदल्यात दाणे द्यायचे. अशाच एका वाड्यावर, शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या पुढच्या एका गावच्या रानात माझा जन्म झाला. रान त्या गावच्या पाटलाचं होतं.

आई आदल्या वर्षी गेली होती. पण मी आफ्रिकेला जाईपर्यंत ती दर थंडीत ही गोष्ट सांगायची, म्हणून मला ती पाठ होती. पाटलाच्या रानात ठरल्या रात्री भरल्या. पाटील म्हणाला, आणखी दोन रात्री बसव. बाप म्हणाला, बायकोचे दिवस भरलेत, पुढच्या गावात सुईण आहे, उद्या हलायचंच. सकाळी मेंढरं बांधाला लागली तशी पाटलानं राखणदार पाठवला आणि सगळा कळप कोंडवाड्यात घातला. बाप धावत गेला आणि दिवसभर कोंडवाड्याच्या दारात बसून राहिला. पाटील दार उघडीना. इकडं आई एकटी. दाराआडची मेंढरं पाण्यावाचून ओरडत होती, ते तिला रानात ऐकू येत होतं आणि तेवढ्यात मी झालो. नाळ तिनं स्वतः कापली. मेंढरं दुसऱ्या दिवशी सुटली, त्यात पाच कोकरं मेलेली.

तर मी आधी त्या पाटलाकडंच गेलो. जन्ममरणाचं बुक पाटलानं ठेवायचं अशी तवाची रीत. नुकतीच पाटीलकी मोडली होती, पण म्हातारा ओट्यावर तसाच बसलेला, भोवती चार माणसं. मी कोण ते सांगितलं. त्याला आठवलं. माझ्या लक्षात आलं की आठवलं.

"वाड्यावरच्या बाईचं बाळंतपण कोण लिवतो?" तो म्हणाला. "मग मेंढी व्याली तर ती बी लिवायची का?"

भोवतीची माणसं हसली. मी एकेकाचं तोंड बघून ठेवलं.

तिथून शिरूरच्या कचेरीत. दफ्तरखान्यातल्या कारकुनानं त्या गावचं त्या सालचं जन्माचं बुक काढलं. त्यात आम्ही नव्हतो. मी ओसरीवर बसून बिडी ओढली आणि विचार केला. ह्या माणसानं माझा जन्म लिहिला नाही, पण मेंढरं लिहिली असतील. कोंडवाड्याचा हिशेब सरकारात जायचा, तो लिहावाच लागतो. परत आत गेलो आणि कोंडवाड्याचं बुक मागितलं.

"आप्पा, जनावरांच्या बुकात माणूस शोधता व्हय?"

"शोधा तर खरं. सापडला तर च्या माझ्याकडं."

तिसऱ्या दिवशी सापडला. पान मोडीत होतं, मला येईना, कारकुनानं वाचून दाखवलं. मेंढरांचा आकडा, बापाचं नाव, आणि पुढं असं : मालकाची बायको शेतात बाळंत होऊन मुलगा झाला, त्यामुळे मालक त्या दिवशी सोडवणुकीस हजर झाला नाही, सबब जनावरे रात्रभर कोंडवाड्यात ठेवली. खाली पाटलाची सही.

कारकून खूष झाला. तारीख, गाव, बाप, मुलगा, सगळं एका पानावर. चहा त्यानंच सांगितला. मी तो चहा तसाच ठेवला. पाच कोकरं मेली, त्याचं उत्तर द्यावं लागेल म्हणून पाटलानं ते लिहून ठेवलं होतं. दिवसभर दारात बसलेला माझा बाप सरकारी बुकात चाळीस वर्षं गैरहजर होता.

मामलेदार माणूस वयानं माझ्याएवढा, बोलायला सरळ. म्हणाला, अक्षर ज्याचं आहे तो जिवंत असेल तर त्याला बोलावून ओळख पटवू, मग दाखला देतो. मी त्याला खरी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"तुमचं खरं असेल," तो म्हणाला. "पण एका नोंदीतली एक ओळ खरी आणि दुसरी खोटी, असा कागद मुंबईला पाठवला तर ते दोन्ही खोट्या धरतील. प्रतिज्ञापत्र सगळ्या नोंदीचं करायचं. विचार करून या."

घरी येऊन दोन रात्री मी तोच हिशेब केला. बापाला खोट्यात ठेवायचं का मुलीला मागं ठेवायचं? बायको म्हणाली, मामंजी असते तर त्यांनी काय केलं असतं ते करा. बाप पोरासाठी आणखी एक दिवस कुठल्याही दारात बसला असता.

ठरल्या दिवशी बायको आणि मुलगी दोघींना घेऊन शिरूरला गेलो. बाजारचा दिवस होता. पाटील फेटा बांधून आला होता. मामलेदारानं त्याला बसायला सांगितलं नाही. पान पुढं केलं. पाटलानं ते डोळ्यांजवळ धरलं. नाही म्हणावं तर सही त्याची.

"अक्षर माझंच," म्हणाला.

"आणि मजकूर?"

"मी लिवलं म्हंजी खरंच असंल."

मग मामलेदारानं माझ्याकडं बघितलं. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. तिसरीतलं अक्षर, एकेक काना बघून काढला. शिक्का बसला, शाई वाळेपर्यंत मी कागदावरचा हात काढला नाही.

इथंच संपलं असतं. मी घरी जायला दौंडच्या गाडीकडं निघालो होतो. पण पायऱ्या उतरताना पाटील माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "बघ, शेवटी माज्याच हातानं तुजं भागलं."

तो रांजणगावच्या बाजूच्या एसटीत चढला. मी त्याच्यामागं चढलो. बायको खालून म्हणाली, अवो, ही आपली गाडी न्हाई. मी म्हणालो, आज हीच आपली. ती मुलीला घेऊन चढली, करते काय.

गाडी बाजारच्या माणसांनी गच्च भरलेली, निम्मी त्याच्याच गावची. पाटील पुढच्या बाकावर खिडकीशी बसला, मी त्याच्या डोक्याशी उभा राहिलो. कंडक्टरनं विचारलं, कुठलं देऊ? म्हणालो, पाटलांच्या गावचं, तीन. आणि मग सांगायला लागलो. आईनं सांगितलं तसं, पहिल्यापासून, बॉयलरच्या आवाजात बोलायची सवय असलेल्या गळ्यानं. दोन रात्री जास्त मागितल्या ते सांगितलं. राखणदार, कोंडवाडा, दार, सगळं. कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "बाळंतिणीला पानी तरी दिलं का कुनी?" मी म्हणालो, ते पाटलांना इचारा, रान त्यांचं.

पाटील खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मी वाकून विचारलं, "पाटील, आता कचेरी न्हाई. माजा बाप त्या दिवशी हजर व्हता का नव्हता?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "बोला की पाटील, सोपं इचारलंय." कुणीतरी हसलं. आता हसायची पाळी माझ्या बाजूची होती.

पाटील रांजणगावलाच उतरला. त्याचं गाव पुढं तीन मैल, ऊन डोक्यावर. कंडक्टर म्हणाला, अहो, तुमचं गाव पुढं आहे. तो वळला नाही. मी मात्र उतरलो नाही. तिकीट पुढचं काढलं होतं.

त्याच्या गावात उतरलो, थांब्यापाशी लिंबाखाली माणसं बसली होती. तिथं पुन्हा सगळं सांगितलं. ओट्यावर हसलेल्यांपैकी दोघं तिथं होते, ते खाली बघायला लागले. एक अगदी थकलेला म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो पाटलाचा जुना राखणदार निघाला.

"व्हता," तो म्हणाला. "दारातच बसून व्हता तुजा बाप. मीच त्याला तिथनं दोनदा उठवला. तिसऱ्यांदा उठवायचं माज्या जिवावर आलं."

एवढंच मला पाहिजे होतं. चार माणसांत. मुलीला मी पुढं घेतलं आणि त्याला नमस्कार करायला सांगितलं. लांबून रस्त्यानं पाटलाचा फेटा येताना दिसत होता. बायको म्हणाली, आता तरी घरला चला. मी म्हणालो, त्याला येऊ दे. तो आला, आम्हाला बघितलं, लिंबाखालच्या माणसांना बघितलं. रोज त्याला बघून उठणाऱ्या माणसांना उठायला जरा उशीर झाला. तेवढा उशीर मी बघून घेतला, मग परतीची गाडी धरली.

मुलीचा पासपोर्ट बोट सुटायच्या नऊ दिवस आधी आला. आम्ही तिघं मिळून गेलो.

लोक म्हणतात, एवढ्या वर्षांचा राग धरू नये. मी धरला. तीन वर्षांनी गावाकडून पत्र आलं, त्यात पाटील वारल्याचं लिहिलं होतं. मी बायकोला म्हणालो, आज काहीतरी गोड कर. तिनं केलं नाही, मेलेल्या माणसाचं असं करू नये म्हणाली. मग मी चप्पल घातली आणि बाजारातून जिलबी घेऊन आलो. मुलीनं खाल्ली, मी खाल्ली.